डिस्क इमेजचा संग्रह टर्मिनलवरून कसा सांभाळावा? – वाचकांचे प्रश्न

जुन्या फ्लॉपी, सीडी, पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क यांच्या इमेज तयार करून त्या कमांड लाइनवरून सांभाळण्याविषयी अनेक वाचकांनी विचारणा केली आहे. त्यांपैकी सहा प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. लिनक्स वापरात आहे असे गृहीत धरले आहे. कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली असली, तरी टर्मिनलवर ती रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टंकावीत. जेथे मोठे अक्षर लागते तेथे तसे नमूद केले आहे.

प्रश्न १ : माझ्याकडे सुमारे साठ फ्लॉपी आणि शंभरेक सीडी आहेत. त्यांतील फायली संगणकावर कॉपी करून घेतल्या, तर तेवढे पुरेसे नाही का? इमेज करण्याचा खटाटोप कशासाठी करावा, आणि करायचाच तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आपल्याला केवळ पत्रे, हिशेब किंवा छायाचित्रे हवी असतील आणि मूळ माध्यमाशी पुढे काही कर्तव्य नसेल, तर फायली कॉपी करणे पुरेसे आहे. परंतु कॉपी करताना फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची व्यवस्था, जेवढे दाखवते तेवढेच आपल्या हाती येते. बूट सेक्टर (संगणक सुरू करणारा, डिस्कच्या आरंभीचा सेक्टर; सेक्टर म्हणजे डिस्कचा ठरावीक आकाराचा छोटा तुकडा), डिस्कचे लेबल, पुसलेल्या पण ज्यांच्या जागी अजून दुसरे काही लिहिले गेलेले नाही अशा फायलींचे अवशेष, हे सारे मागेच राहते. ज्या फ्लॉपीवरून एके काळी संगणक सुरू होत असे, तिच्यातील सर्व फायली कोऱ्या फ्लॉपीवर कॉपी केल्या तरी त्या दुसऱ्या फ्लॉपीवरून तो सुरू होईलच असे नाही, कारण बूट सेक्टर ही फाइल नव्हे. इमेज म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंतचा प्रत्येक बाइट, त्याच क्रमाने, एका फाइलमध्ये.

मला याहून महत्त्वाचे वाटणारे कारण असे, की इमेज पूर्ण झाली की नाही हे मोजून सांगता येते. नेहमीच्या १.४४ एमबी फ्लॉपीला २ बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकमध्ये १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. या चारही आकड्यांचा गुणाकार १४,७४,५६० येतो, आणि इमेज फाइलचा आकार नेमका तेवढाच असला पाहिजे. तो त्याहून कमी भरला, तर वाचन मध्येच तुटले असे निःशंकपणे समजावे. फोल्डर कॉपी केल्यावर असा ठाम आकडा हाताशी नसतो.

सुरुवात डीडी या कमांडने करावी. ती १९७० च्या दशकापासून युनिक्समध्ये आहे आणि तिची लिहिण्याची पद्धत इतर कमांडपेक्षा वेगळी, आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील जॉब कंट्रोल भाषेच्या धाटणीची आहे. आयएफ म्हणजे कोठून वाचायचे, ओएफ म्हणजे कोठे लिहायचे आणि बीएस म्हणजे एका वेळी किती बाइट उचलायचे. या कमांडला ‘नक्की का?’ असे विचारण्याची सवय नाही. अनेक वर्षांपूर्वी रात्री उशिरा काम करताना मी आयएफ आणि ओएफ यांची नावे उलट टंकली, आणि जिची इमेज घ्यायची होती त्याच फ्लॉपीवर दुसरी एक जुनी इमेज लिहिली गेली. त्या फ्लॉपीवरचा मजकूर अन्यत्र कोठेही नव्हता. तेव्हापासून मी दोन गोष्टी चुकवत नाही. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातील सरकती खूण सरकवून खिडकी उघडी करतो, म्हणजे तिच्यावर लिहिणे बंद होते; आणि इतर कोणतेही माध्यम असेल तर एलएसबीएलके कमांड चालवून डिव्हाइसचे नाव, आकार आणि मॉडेल डोळ्यांनी पाहिल्याखेरीज डीडीची ओळ टंकत नाही.

सीडींच्या बाबतीत आधी त्या डेटाच्या आहेत की गाण्यांच्या, हे वेगळे करावे. नेहमीच्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये वापरकर्त्याचे २,०४८ बाइट असतात, म्हणून डीडीला बीएस २०४८ द्यावा. घरी लिहिलेल्या काही सीडींच्या अखेरीस लेखन संपल्याची खूण म्हणून दोन सेक्टर असतात, जे डेटा म्हणून वाचता येत नाहीत. त्यामुळे इमेज व्यवस्थित होऊनही शेवटी वाचनदोषाचा संदेश येतो आणि नवखा माणूस घाबरतो. अशा वेळी आयसोसाइज कमांडला ‘-डी २०४८’ हा पर्याय देऊन फाइल सिस्टिमचा खरा आकार सेक्टरमध्ये काढावा आणि तो आकडा डीडीला काउंट म्हणून द्यावा. गाण्यांच्या सीडीवर फाइल सिस्टिमच नसते. तेथे सेकंदाला ७५ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ध्वनीचे २,३५२ बाइट असा हिशेब असतो, आणि डीडी तेथे उपयोगी पडत नाही. त्यासाठी सीडीपॅरानोइया किंवा सीडीआरडीएओ ही साधने वापरावीत.

प्रश्न २ : जुन्या हार्ड डिस्कची इमेज करून मी तिचा शा-२५६ चेकसम वहीत लिहून ठेवला होता. परवा ती इमेज माउंट केली, एक फाइल उघडून वाचली आणि अनमाउंट केली. एक अक्षरही बदलले नाही, तरी आज चेकसम जुळत नाही. इमेज खराब झाली आहे का?

उत्तर : चेकसम म्हणजे फाइलमधील सर्व बाइटांवरून काढलेली ओळखीची ओळ, आणि माउंट करणे म्हणजे इमेजमधील फाइल सिस्टिम वापरासाठी जोडणे. बहुधा आपल्या फायली शाबूत आहेत, परंतु इमेज मात्र आता पूर्वीची राहिलेली नाही. हा फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण संग्रहातील निम्म्या गोंधळांचे मूळ येथे असते.

ईएक्सटी४ सारखी फाइल सिस्टिम माउंट केली, की तिच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे ती स्वतःविषयीची माहिती जेथे ठेवते त्या तुकड्यात, शेवटच्या माउंटची वेळ आणि आजवर किती वेळा माउंट झाले याचा आकडा लिहिला जातो. फाइल नुसती वाचली तरी तिच्या नोंदीतील ‘शेवटचे वाचन’ ही वेळ बदलू शकते. आपण काहीही लिहिले नाही, पण फाइल सिस्टिमने आपल्या वतीने लिहिले. शा-२५६ ची रचनाच अशी आहे की शेकडो जीबींमध्ये एक बिट बदलला तरी ६४ अंकांची ती ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. त्यामुळे चेकसम पाहून बदल दहा बाइटांचा आहे की दहा जीबींचा, हे सांगता येत नाही.

अनेक जण यावर उपाय म्हणून माउंट कमांडला ‘आरओ’, म्हणजे केवळ वाचनासाठी, असा पर्याय देतात आणि निर्धास्त होतात. तेवढ्याने भागत नाही. ईएक्सटी४ च्या जर्नलमध्ये, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीत, अपुऱ्या राहिलेल्या नोंदी असतील, म्हणजे मूळ संगणक कधी तरी अचानक बंद पडला असेल, तर ‘आरओ’ देऊनही त्या नोंदी इमेजवर लिहून पूर्ण केल्या जातात. ते टाळण्यासाठी ‘आरओ’च्या जोडीला ‘नोलोड’ हा पर्याय द्यावा लागतो. एक्सएफएस या फाइल सिस्टिममध्ये त्याच कामासाठी ‘नोरिकव्हरी’ असा पर्याय आहे.

खरा बंदोबस्त त्याच्या एक पायरी आधी करावा. इमेज थेट माउंट न करता लोसेटअप या कमांडने तिला लूप डिव्हाइस, म्हणजे फाइलला डिस्कसारखे दाखवणारे आभासी डिव्हाइस, जोडावे, आणि ते जोडतानाच ‘-आर’ हा पर्याय द्यावा. यामुळे ते डिव्हाइसच केवळ वाचनाचे होते. मग वरची फाइल सिस्टिम काहीही लिहू पाहो, खाली वाट बंद असते. त्याच ओळीत मोठ्या अक्षरातील ‘-पी’ दिला, की इमेजमधील पार्टिशन वेगवेगळी डिव्हाइस म्हणून समोर येतात, आणि ‘-एफ’ व ‘--शो’ दिले की मोकळे लूप डिव्हाइस आपोआप निवडले जाऊन त्याचे नाव पडद्यावर उमटते. त्यानंतर हवे ते पार्टिशन ‘आरओ’ आणि ‘नोलोड’ देऊन माउंट करावे.

काही जुन्या सूचनांमध्ये पार्टिशनचे स्थान हाताने काढायला सांगितलेले आढळते. ते चुकीचे नाही, आणि एकदा स्वतः करून पाहिले तर इमेजची रचना चांगली लक्षात राहते. ‘एफडिस्क -एल’ पुढे इमेजचे नाव दिले की पार्टिशनांचा तक्ता दिसतो. समजा पहिल्या पार्टिशनची सुरुवात २०४८ या सेक्टरवर आहे आणि सेक्टर ५१२ बाइटांचा आहे. तर २०४८ गुणिले ५१२, म्हणजे १०,४८,५७६ बाइट सोडून फाइल सिस्टिम सुरू होते. हाच आकडा माउंट कमांडला ऑफसेट म्हणून द्यायचा. सेक्टरचा आकार मात्र गृहीत धरू नये. तो तक्त्याच्या वरच लिहिलेला असतो, आणि ४,०९६ बाइटांच्या सेक्टरची डिस्क असेल तर उत्तर आठपट वेगळे येते.

फाइलच्या परवानग्या बदलून ती केवळ वाचनाची करणे चांगले, पण रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून काम करताना त्या परवानग्या आड येत नाहीत. संग्रहाची डिस्क ईएक्सटी४ असेल, तर चॅटर कमांडने इमेजला ‘+आय’ हे लक्षण लावावे. ते काढेपर्यंत रूटलाही ती फाइल बदलता किंवा पुसता येत नाही.

आता आपल्या त्या इमेजचे काय करावे? मूळ डिस्क अजून चालू असेल, तर पुन्हा इमेज घ्यावी आणि तिचा चेकसम वहीतील नोंदीशी ताडावा. जुळला, तर ही नवी इमेज संग्रहात ठेवून बदललेली काढून टाकावी. बदल कोठे झाला हे पाहण्याची उत्सुकता असेल, तर काढण्यापूर्वी ‘सीएमपी -एल’ ने दोन्ही फायली ताडाव्यात. भिन्न असलेला प्रत्येक बाइट त्याच्या स्थानासह छापला जातो, आणि ते सारे काही मोजक्या ठिकाणी एकवटलेले दिसतील. मूळ डिस्क हाताशी नसेल, तर बदललेली इमेजच जपावी, नवा चेकसम काढावा, पण वहीतील जुनी ओळ खोडू नये. तिच्याखाली तारीख घालून काय घडले ते लिहावे. जुना आकडा गुपचूप बदलला, तर पुढे ती वही उघडणाऱ्याला काही घडले होते हेच कळणार नाही.

प्रश्न ३ : एका सीडीची इमेज घेताना डीडी निम्म्यावर थांबले. मग मिळालेल्या सल्ल्याप्रमाणे ‘कन्व्ह’ला ‘नोएरर’ आणि ‘सिंक’ हे पर्याय देऊन आणि बीएस ४ एमबी ठेवून पुन्हा चालवले. इमेज पूर्ण झाली, पण कित्येक फायली उघडत नाहीत. सीडीवर तर एकच लहानसा ओरखडा आहे.

उत्तर : तो सल्ला सर्वत्र दिला जातो, परंतु खराब माध्यमासाठी मी तो कोणालाही देणार नाही. ‘नोएरर’मुळे डीडी दोष आला तरी पुढे जाते आणि ‘सिंक’मुळे अपुऱ्या ब्लॉकची उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. बीएस ४ एमबी असताना एका सेक्टरचा दोष आला, की त्याच्या आसपासचा, प्रत्यक्षात वाचता येण्याजोगा मजकूरही त्या ब्लॉकबरोबर जाऊ शकतो. ब्लॉक अर्धवट वाचला गेला, तर शून्ये ब्लॉकच्या अखेरीस भरली जातात आणि त्यानंतरचा मजकूर आपल्या मूळ जागेवरून सरकण्याचीही शक्यता असते. सीडीवरील सूचीत ‘ही फाइल अमुक सेक्टरवर आहे’ असे लिहिलेले असते, आणि फाइल तेथे नसते. आपल्या न उघडणाऱ्या फायलींचे हे एक संभाव्य कारण आहे.

या कामासाठी जीएनयू प्रकल्पातील डीडीरेस्क्यू हे साधन आहे. नावात एक सापळा आहे. ‘डीडी_रेस्क्यू’ असे मध्ये अधोरेषा असलेले दुसरेच एक साधन अस्तित्वात आहे, आणि डेबियन व त्यावर आधारित प्रणालींमध्ये आपल्याला हवे असलेले साधन ‘जीडीडीरेस्क्यू’ या नावाच्या पॅकेजमध्ये मिळते, पण कमांड मात्र ‘डीडीरेस्क्यू’ अशीच टंकायची असते.

डीडीरेस्क्यूचे शहाणपण त्याच्या कामाच्या क्रमात आहे. दुखरा भाग लागला की ते तेथे हट्टाने थांबत नाही. तो ओलांडून आधी जेवढे सहज वाचता येईल तेवढे वाचून घेते, नंतर दुखऱ्या भागांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडत आत जाते, आणि अगदी शेवटी उरलेल्या सेक्टरांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. मरणासन्न हार्ड डिस्कच्या बाबतीत हा क्रम फार मोलाचा आहे, कारण तिचे किती वाचन शिल्लक आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

हे सारे लक्षात ठेवण्यासाठी ते एक मॅपफाइल लिहिते. ही साधी मजकुराची फाइल असून कोणत्याही संपादकात उघडून वाचता येते. प्रत्येक ओळीत एका तुकड्याची सुरुवात, त्याची लांबी आणि एक चिन्ह असते. अधिक चिन्ह म्हणजे वाचून झाले, वजा चिन्ह म्हणजे वाचता आले नाही, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हातच लावलेला नाही. कमांड देताना मूळ डिव्हाइस, इमेज आणि मॅपफाइल ही तीन नावे याच क्रमाने द्यावीत, आणि तिसरे नाव कधीही गाळू नये. मॅपफाइल असेल तर वीज गेली, ड्राइव्ह अडकला किंवा आपण स्वतः काम थांबवले, तरी तीच ओळ पुन्हा टंकल्यावर काम सोडल्या जागेपासून पुढे चालू होते. मॅपफाइल नसेल, तर कोणता भाग खरा आणि कोणता रिकामा हे इमेजकडे पाहून सांगता येत नाही.

सीडीसाठी सेक्टरचा आकार ‘-बी २०४८’ असा द्यावा. पहिल्या फेरीत ‘-एन’ देऊन सोपे तेवढे काढून घ्यावे, आणि दुसऱ्या फेरीत ‘-एन’ काढून ‘-डी’ व ‘-आर३’ द्यावेत, म्हणजे मधल्या बफरला वळसा घालून थेट वाचन होईल आणि दुखऱ्या सेक्टरांवर तीनदा प्रयत्न होतील. त्यानंतरही काही उरले, तर सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालावी आणि तीच इमेज व तीच मॅपफाइल देऊन पुन्हा चालवावे. जो सेक्टर एका ड्राइव्हला वाचता येत नाही तो दुसऱ्याला वाचता येतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्याच सीडीची हुबेहूब दुसरी प्रत कोणाकडे असेल, तीही खराब असली तरी चालेल, कारण दोन्ही प्रतींवरचे ओरखडे एकाच जागी असण्याची शक्यता कमी असते आणि डीडीरेस्क्यू एका प्रतीतील खड्डे दुसऱ्या प्रतीतून भरून काढते.

अखेरीस काही सेक्टर गेलेच, तर कोणत्या फायलींना त्यांची झळ लागली हे शोधता येते. इमेजची एक वेगळी प्रत करावी आणि त्या प्रतीवर डीडीरेस्क्यूच्या ‘फिल-मोड’ या पर्यायाने वाचता न आलेल्या जागांमध्ये एखादा ओळखू येणारा शब्दसमूह भरावा. मग ती प्रत माउंट करून ग्रेप कमांडने तो शब्दसमूह ज्या फायलींत सापडेल त्या फायली बाधित आहेत, असे समजावे. हे मूळ इमेजवर करू नये.

हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर यांतील काहीही न करता ती बंद करावी. त्या अवस्थेत प्रत्येक फिरणे नुकसान वाढवते आणि ते काम डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांचे आहे.

प्रश्न ४ : ५०० जीबीच्या डिस्कवर जेमतेम ६० जीबी मजकूर होता, तरी इमेज ५०० जीबींची झाली. ती लहान कशी करावी? आणि लहान केल्यावर उघडता येईल का?

उत्तर : इमेज रिकाम्या जागेसकट घेतली जाते, म्हणून असे होते. ती जागा खरोखर शून्यांनी भरलेली असेल, तर उपाय सोपा आहे. ‘सीपी --स्पार्स=ऑलवेज’ ने प्रत केली, की शून्यांच्या लांब पट्ट्या डिस्कवर प्रत्यक्ष लिहिल्याच जात नाहीत. एलएस कमांड पूर्वीसारखेच ५०० जीबी दाखवते, डीयू कमांड मात्र प्रत्यक्षात व्यापलेली जागा दाखवते, आणि चेकसम बदलत नाही, कारण वाचताना त्या पोकळ्या शून्ये म्हणूनच वाचल्या जातात. ही इमेज आरसिंक या कॉपी करण्याच्या साधनाने दुसरीकडे नेताना मोठ्या अक्षरातील ‘-एस’ देण्यास विसरू नये, नाहीतर ती पुन्हा फुगते.

परंतु वर्षानुवर्षे वापरलेल्या डिस्कवरील ‘रिकामी’ जागा सहसा शून्यांची नसते. पुसलेल्या फायलींचे अवशेष तेथे पडलेले असतात. ते शून्यांनी झाकून इमेज लहान करता येते, पण मग ती मूळ डिस्कची हुबेहूब इमेज उरत नाही, आणि कधी तरी त्याच अवशेषांतून हरवलेली फाइल मिळू शकली असती. म्हणून संग्रहातील मूळ इमेजवर हा प्रयोग करू नये असे माझे मत आहे. संपूर्ण एन्क्रिप्ट केलेली डिस्क असेल, तर ती कोणत्याही उपायाने फारशी आकसत नाही.

इमेज दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, ठेवण्यासाठी मी झेडएसटीडी वापरतो. एक्सझेड सहसा थोडी अधिक लहान फाइल देते, पण उलगडण्यास पुष्कळ वेळ लावते, आणि संग्रहाची तपासणी वारंवार करायची असल्यामुळे उलगडण्याचा वेग मला अधिक मोलाचा वाटतो. मूळ इमेज पुसण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. दाबलेली फाइल ‘झेडएसटीडी -डीसी’ ने उलगडून तिचा प्रवाह पाइपमधून थेट शा२५६सम कडे पाठवावा. जी ओळ येईल ती मूळ इमेजच्या चेकसमशी अक्षरशः जुळली, तरच मूळ फाइल पुसावी.

अशी दाबलेली फाइल थेट माउंट करता येत नाही, आधी पूर्ण उलगडावी लागते. दाबलेली असूनही अधूनमधून उघडायची असेल, तर ‘क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट’ ने ती क्यूकाऊ२ या प्रकारात न्यावी. ‘-सी’ दिले की ती दाबली जाते, आणि मूळ प्रकार ‘-एफ रॉ’ असा स्वतः सांगावा, तो ओळखण्याचे काम साधनावर सोडू नये. नंतर ‘क्यूईएमयू-आयएमजी कम्पेअर’ दोन्ही इमेजमधील मजकूर सारखा आहे की नाही ते सांगते. इमेज फॅट३२ असलेल्या बाह्य डिस्कवर ठेवायची असेल, तर मात्र तेथे ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न ५ : तीनशेहून अधिक इमेज जमल्या आहेत. चेकसमच्या याद्या कशा ठेवाव्यात? एमडी५ पुरेसा आहे का? काही फायलींची नावे मराठीत आहेत, ती सापडत नाहीत असे यादी तपासताना दाखवले जाते.

उत्तर : नवी यादी शा-२५६ ची करावी. एमडी५ मध्ये दोन भिन्न मजकुरांचा एकच चेकसम घडवून आणता येतो हे २००४ मध्ये, आणि शा-१ च्या बाबतीत २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखवले गेले. डिस्कच्या झिजेमुळे आपोआप होणारा बिघाड एमडी५ अजूनही पकडतो, त्यामुळे जुन्या याद्या फेकू नयेत. त्या एकदा तपासून घ्याव्यात आणि मगच त्यांच्या शेजारी नवी यादी तयार करावी. आधी नवी यादी केली आणि जुनी तपासलीच नाही, तर दरम्यान खराब झालेली फाइलच प्रमाण ठरते.

यादी करताना टर्मिनल त्या फोल्डरमध्ये नेऊन मगच शा२५६सम चालवावे. यादीच्या प्रत्येक ओळीत ६४ अंकांचा चेकसम, दोन मोकळ्या जागा आणि फाइलचे नाव असते. ते नाव संपूर्ण मार्गासह गेले, तर पुढे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवल्यावर एकही फाइल सापडणार नाही. तपासताना ‘-सी’ सोबत ‘--क्वायट’ दिले की केवळ बिघडलेल्या फायलींची नावे छापली जातात. यादीत नसलेल्या नव्या फायलींविषयी ही कमांड काहीच बोलत नाही, म्हणून यादीतील ओळींची संख्या आणि फोल्डरमधील फायलींची संख्या मी स्वतंत्रपणे ताडून पाहतो.

मराठी नावांची अडचण खरी आहे, आणि ती आपली चूक नव्हे. ‘किनाऱ्यावर’ किंवा ‘सुऱ्या’ यांतील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते, एकतर एकच सलग चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असतात. काही प्रणाली फाइल साठवताना एका प्रकाराचे रूपांतर दुसऱ्यात करतात, त्यामुळे डिस्क एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली की यादीतील नाव आणि प्रत्यक्ष नाव जुळेनासे होते. मला मराठी नावे प्रिय आहेत, तरी इमेज फाइलचे नाव मी रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेषा एवढ्यांतच ठेवतो, मोकळी जागाही सोडत नाही, आणि वर्णन मात्र शेजारच्या मजकुराच्या फाइलमध्ये मनसोक्त मराठीत लिहितो. माध्यमावर हाताने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा, इमेज घेतल्याची तारीख, वापरलेले साधन व त्याची आवृत्ती, वाचता न आलेल्या सेक्टरांची संख्या आणि असल्यास मॅपफाइलचे नाव, एवढे त्यात हवेच.

चेकसम बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही. दुरुस्तीसाठी दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत लागते. त्या जोडीला पार२ या साधनाने १० टक्के दुरुस्ती-मजकूर तयार करून ठेवला, तर त्या मर्यादेतील लहानसहान बिघाड प्रत न शोधताही भरून काढता येतात. दाबलेल्या फायलींसाठी मी हे आवर्जून करतो, कारण त्यांत एका ठिकाणी झालेला बिघाड पुढच्या बऱ्याच मजकुराला निकामी करू शकतो.

प्रश्न ६ : १६ जीबी पेन ड्राइव्हची इमेज दुसऱ्या १६ जीबी पेन ड्राइव्हवर लिहिताना ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश आला. असे का?

उत्तर : वेष्टनावर एकच आकडा छापलेला असला, तरी दोन पेन ड्राइव्हमधील सेक्टरांची संख्या सारखी असेलच असे नाही. ‘ब्लॉकडेव्ह --गेटसाइझ६४’ ने नव्या ड्राइव्हचा नेमका आकार बाइटांत काढावा आणि लिहिण्यापूर्वीच तो इमेजच्या आकाराशी ताडावा. आकार कमी असेल, तर तो ड्राइव्ह या इमेजसाठी नाही. मोठा असेल आणि डिस्कवर जीपीटी तक्ता (पार्टिशनांच्या नोंदीचा एक प्रकार) असेल, तर त्या तक्त्याची राखीव प्रत खरोखर डिस्कच्या शेवटी असावी लागते, ती इमेजच्या शेवटी, म्हणजे मोठ्या ड्राइव्हच्या मध्येच कोठे तरी राहते. ‘एसजीडिस्क -ई’ ने ती योग्य जागी हलवावी.

मात्र हलवण्यापूर्वी पडताळणी उरकावी. डीडीला ‘कन्व्ह=एफसिंक’ दिले म्हणजे सर्व बाइट प्रत्यक्ष ड्राइव्हवर उतरेपर्यंत कमांड संपत नाही. मग ड्राइव्ह काढून पुन्हा जोडावा, म्हणजे वाचन संगणकाच्या स्मृतीतून न होता ड्राइव्हवरूनच होईल. आपोआप माउंट होण्याची सोय त्याआधीच बंद करून ठेवावी, नाहीतर दुसऱ्या प्रश्नात सांगितलेला प्रकार येथेही घडेल. त्यानंतर ‘सीएमपी -एन’ पुढे इमेजचा आकार बाइटांत देऊन इमेज आणि डिव्हाइस ताडावेत. दोन्ही सारखे असतील तर ही कमांड काहीही न छापता संपते.